पावणेसात क्विंटल उसाचे सीरम

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आमच्या एका सहकारी शिक्षिकेने शिक्षकांच्या खोलीत एक पेटी आणली. मुंबईला नोकरी करणाऱ्या भाचीने मावशीला दिलेली ही दिवाळीची भेट होती. आत वाळक्या गवताच्या गादीवर काचेच्या चार बाटल्या-डब्या मांडलेल्या: तोंड धुण्याचे द्रावण, फवारायचे गुलाबपाणी, एक सीरम आणि रात्री लावायचे क्रीम. पेटीवर सोनेरी अक्षरांत ‘रसायनमुक्त’ आणि ‘९७ टक्के नैसर्गिक’ असे छापलेले होते आणि त्याखाली उसाच्या कांड्याचे चित्र होते. चारही वस्तूंची मिळून छापील किंमत ७,८०० रुपये.

सणसरला उसाचे नवल नाही. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ऊसच दिसतो आणि हंगामात भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे मुलांना रस्ता ओलांडताना थांबावे लागते. म्हणून ‘उसाच्या अर्काचे’ सीरम सर्वांनीच हातात घेऊन पाहिले. ३० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत २,४०० रुपये. गणिताच्या सरांनी तेथल्या तेथे हिशेब केला. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेला उसाचा किमान दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. म्हणजे या एका बाटलीसाठी पावणेसात क्विंटल ऊस विकावा लागेल.

ती पेटी मी नववीच्या वर्गातही नेली. आम्ल व आम्लारी यांचा पाठ चालू होता. मधल्या रांगेतील एका मुलीने बाटली हातात घेतली, चित्र पाहिले आणि हळूच विचारले, ‘‘मॅडम, ह्यानं गोरं होतंय का?’’ वर्ग हसला. ती हसली नाही. तिला उत्तर द्यायचे तर आधी स्वतः वापरून आणि तपासून पाहायला हवे, असे मला वाटले. आम्ही चौघी-पाचजणींनी महिनाभर या वस्तू वापरल्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेत जमेल तेवढी तपासणी केली. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण अशा पेट्या आज अनेक कंपन्या विकतात आणि आमचा प्रश्न त्या सर्वांना लागू आहे: ‘नैसर्गिक’ या शब्दावरून त्वचेला काय होईल हे कळते का?

तोंड धुण्याचे द्रावण

सुरुवात चांगल्या गोष्टीने करू. आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थराचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे तो किंचित आम्लधर्मी असतो. शाडे आणि मार्चिओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये याला ‘आम्ल-आवरण’ असे नाव दिले. अंगाला लावायच्या नेहमीच्या साबणाच्या फेसाचा सामू ९ ते १० असतो. त्यामुळे साबणाने वारंवार तोंड धुतले की त्वचा ताणल्यासारखी वाटते.

वैश्विक दर्शकाच्या पट्टीवर या द्रावणाचा सामू ५ ते ६ च्या दरम्यान आला. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या फेसाने तांबडा झाला. या द्रावणाने तो पिवळाच राहिला. (हळदीचा रंग सामू ८ च्या आसपास बदलू लागतो. त्यामुळे द्रावण आम्लारिधर्मी नाही एवढेच हा कागद सांगतो. किती आम्लधर्मी आहे ते सांगत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क वापरून पाहावा.) महिनाभर वापरणाऱ्या सर्वजणींना या द्रावणाने त्वचा ताणल्यासारखी वाटली नाही. वस्तू चांगली आहे.

पण ती चांगली आहे ती तिच्या सामूमुळे आणि सौम्य फेसकारकामुळे. ‘नारळापासून बनवलेले’ हे जे तिच्यावर लिहिले आहे त्याचा येथे संबंध नाही. खोबरेल तेलापासून कॉस्टिक सोड्याने साबणही बनतो, आणि खोबरेल तेलातील मेदाम्लांपासून कारखान्यात हे फेसकारकही बनते. मूळ एकच, पण एकाचा सामू १० आणि दुसऱ्याचा साडेपाच. त्वचेला नारळाचे झाड ओळखता येत नाही.

गुलाबपाणी

याविषयी थोडक्यात. गुलाबाचे एक किलो तेल मिळवण्यासाठी तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, म्हणून खरे गुलाबतेल अतिशय महाग असते. ऊर्ध्वपातनात तेलाबरोबर जे पाणी मिळते ते गुलाबपाणी. तोंडावर फवारले की गार वाटते. कारण माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते. पाणी उडून गेले की गारवाही संपतो. वास मात्र सुरेख होता आणि वासासाठी कुणी १,१५० रुपये देत असेल तर तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. गुलाबाच्या वासातील सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही द्रव्ये काही जणांच्या त्वचेला सहन होत नाहीत. युरोपीय संघाने २००३ मध्ये ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे आवश्यक केले त्यांत ही दोन्ही आहेत. ती फुलातून आली की प्रयोगशाळेतून, याने ॲलर्जीत फरक पडत नाही. ज्यांनी बिब्ब्याने अंग उतलेले पाहिले आहे त्यांना नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे हे सांगावे लागत नाही.

सीरम आणि वेष्टन वाचण्याची रीत

आता उसाकडे वळू. आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि त्यानंतर १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने द्यायचे असतात. ही यादी हे फार उपयुक्त कोडे आहे. ते सोडवण्याची एक युक्ती सांगते. फिनॉक्सीइथेनॉल नावाचे परिरक्षक बहुधा १ टक्क्याच्या आतच वापरतात. तेवढीच त्याची मर्यादा आहे. म्हणून यादीत त्याच्यानंतर जे जे येते ते १ टक्का किंवा त्याहून कमी असणार.

आमच्या सीरमच्या यादीत पहिले नाव पाणी, मग ग्लायकॉलिक आम्ल, ग्लिसरीन, स्क्वालेन, पुढे फिनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही मागे ‘उसाचा अर्क’. म्हणजे ३० मिलिलिटरच्या बाटलीत हा अर्क फार तर ०.३ मिलिलिटर, सुमारे सहा थेंब. ज्याचे चित्र सर्वांत मोठे तो घटक सर्वांत थोड्या घटकांत बसलेला! आणि ज्या पेटीवर ‘रसायनमुक्त’ लिहिले आहे तिच्याच मागे रसायनांची यादी आहे. ती असायलाच हवी, कारण पाणी असलेल्या पदार्थात परिरक्षक नसेल तर बुरशी आणि जीवाणू वाढतात. घरी कोरफडीचा गर बाटलीत भरून ठेवला तर काय होते ते आपण जाणतोच.

काम करणारा घटक आहे तो ग्लायकॉलिक आम्ल. याचा रेणू लहान आहे. रेणुभार केवळ ७६. साधारण ५०० पेक्षा मोठ्या रेणुभाराचे पदार्थ निरोगी त्वचेतून सहजासहजी आत जात नाहीत, असा ढोबळ नियम २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी मांडला. त्या कसोटीवर ‘कोलॅजेन’ असलेली क्रीमे नापास होतात, कारण कोलॅजेनचा रेणुभार तीन लाखांच्या घरात आहे. ग्लायकॉलिक आम्ल मात्र आत शिरते, मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करते आणि वरचा थर लवकर निघतो. व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी अशा आम्लांचा त्वचेच्या खवल्यांच्या विकारांवरील उपयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध केला होता. तेव्हा परिणाम खरा आहे.

ते उसातून आले का? उसाच्या रसात हे आम्ल अल्प प्रमाणात असते हे बरोबर. पण बाजारातील ग्लायकॉलिक आम्लाचा मोठा भाग फॉर्मल्डिहाइड व कार्बन मोनॉक्साइडपासून किंवा मोनोक्लोरोॲसेटिक आम्लापासून कारखान्यात तयार होतो. आमच्या बाटलीतील कुठले हे वेष्टनावर लिहिलेले नाही. कुठलेही असले तरी रेणू तोच आणि त्याचे गुणही तेच. स्क्वालेनची कथा उलटी आहे. ते पूर्वी शार्क माशाच्या यकृतातील तेलापासून काढीत. आता ब्राझीलमधल्या उसाची साखर जनुकीय बदल केलेल्या यीस्टला खाऊ घालून, त्यातून मिळालेल्या द्रव्यावर पुढील प्रक्रिया करून ते बनवता येते. शार्क वाचतात, हा त्याचा खरा लाभ. ‘उसापासून’ हा शब्द येथे शोभतो. पण शेतातून थेट बाटलीत असे जे चित्र मनात उभे राहते ते खरे नाही.

ग्लायकॉलिक आम्लाचा एक गुण आम्हाला अनुभवाने कळला. आमच्या खेळाच्या शिक्षिकेने सकाळी सीरम लावले आणि दुपारी मैदानावर कबड्डीचे सामने घेतले. संध्याकाळी त्यांचे गाल लाल होऊन चुरचुरत होते. या आम्लाने त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने १९९८ मध्ये अशा प्रसाधनांसाठी आम्लाचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, सामू ३.५ पेक्षा कमी नसावा आणि उन्हापासून संरक्षण घ्यावे, असे सुचवले होते. आमच्या बाटलीवरही सूचना होती, पण इंग्रजीत आणि भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत. ज्या गावात दिवस उन्हात जातो तेथे ‘फळांची आम्ले’ किंवा ‘उसाची आम्ले’ ही सौम्य वाटणारी नावे ऐकून अशी वस्तू कुणी वापरली तर चूक कुणाची म्हणायची?

क्रीम आणि कोकमतेल

५० ग्रॅम क्रीमची किंमत ३,३०० रुपये. घड्याळकाचेवर ५ ग्रॅम क्रीम घेऊन ती उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रावर ठेवली आणि वजन स्थिर होईपर्यंत तापवली. दीड ग्रॅमच्या आसपास ऐवज उरला. उडून गेले ते बहुतेक पाणी. म्हणजे पाणी सोडून उरलेल्या पदार्थाचा भाव ग्रॅमला सुमारे २२० रुपये पडला. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे पायस. पाण्यामुळेच ती हलकी लागते आणि पातळ पसरते. परंतु ‘९७ टक्के नैसर्गिक’ या आकड्याचा अर्थ मात्र यातून उलगडतो. अशी टक्केवारी काढण्याची एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धत आहे (आयएसओ १६१२८, २०१६ व २०१७). तिच्यात पाणी हा नैसर्गिक घटक आहे. पाणी धरून आणि पाणी सोडून अशा दोन्ही तऱ्हांनी आकडा सांगता येतो. पेटीवर कोणता आहे ते लिहिलेले नव्हते. पाणी धरले तर कोणतेही पातळ क्रीम शर्यत निम्मी जिंकूनच सुरुवात करते.

क्रीममधील मुख्य घन स्निग्ध पदार्थ निघाला कोकमाचा! कोकणात कोकमाच्या बियांचे तेल काढून त्याचे गोळे करतात आणि थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. शरीराच्या उष्णतेच्या आसपास ते वितळते, म्हणून हातावर चोळताच पसरते. आमच्या एका रत्नागिरीच्या सहकाऱ्यांकडे असा गोळा होताच. मग चौघांनी दोन आठवडे रोज रात्री एका टाचेला क्रीम आणि दुसऱ्या टाचेला तेवढेच कोकमतेल लावले. कोणत्या टाचेला काय ते नाणे उडवून ठरवले.

दोन्ही टाचा सुधारल्या. तिघांना फरक सांगता आला नाही. चौथ्या बाईंना क्रीमची टाच अधिक मऊ वाटली. आता या प्रयोगातील दोष विद्यार्थ्यांनी शोधावेत, म्हणून मी तो वर्गात सांगितला. त्यांनी तीन शोधले. क्रीमला वास होता, त्यामुळे कोणत्या टाचेला काय हे सर्वांना कळत होते. काहीच न लावलेली टाच तुलनेला नव्हती. कदाचित रोज पाय धुऊन मोजे घातल्यानेच टाचा सुधारल्या असतील. आणि चौघे म्हणजे फारच थोडे. तिन्ही आक्षेप बरोबर आहेत. म्हणून क्रीम आणि कोकमतेल सारखेच, असे आम्ही म्हणत नाही. क्रीम पुष्कळ अधिक गुणकारी आहे असे दिसले नाही, इतकेच म्हणतो. गंमत अशी की ज्या पदार्थाने काम केले तो खरोखरच नैसर्गिक होता, आणि पाणी अडवण्याच्या कामात त्याच्या तोडीस तोड, किंबहुना सरस, असलेली पेट्रोलियम जेली खनिज तेलातून येते. रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचे पेटंट १८७२ मध्ये घेतले. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी सणसरला मुक्कामाला असते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना गावकरी तेल लावून देतात. त्या तेलाचे उगमस्थान कुणी विचारत नाही. पायाला आराम पडतो की नाही ते पाहतात.

त्या मुलीचे उत्तर

महिनाभराने क्रीम लावणाऱ्यांचे चेहरे ‘उजळ’ दिसतात असे शाळेत दोघा-तिघांनी सांगितले. याचे कारण वर्गात कागदावर दाखवता येते. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाकून कागद उजेडासमोर धरा. डाग पारदर्शक होतो, कारण तंतूंच्या मधल्या हवेची जागा तेल घेते आणि प्रकाशाचे विखुरणे कमी होते. कोरड्या त्वचेवरील खवल्यांमध्ये अशीच हवा असते. प्रकाश विखुरतो आणि त्वचा भुरकट दिसते. तेलाने ती भुरकट छटा जाते आणि कांती तुकतुकीत दिसते. पण त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो ते तेवढेच राहते, आणि राहावे हेच बरे, कारण तेच आपल्याला उन्हातील अतिनील किरणांपासून काही प्रमाणात वाचवते. रानात दिवसभर काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ती देणगी आहे.

खरोखर रंग बदलून दाखवणारी क्रीमे असतात आणि धोका तेथेच आहे. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन तयार होण्यात अडथळा आणतात. अकोल्यातील एका विद्यार्थिनीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या वापरत असलेल्या स्थानिक क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या जानेवारीत ही बातमी वृत्तपत्रांत आली. त्याच सुमारास केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या १५ रुग्णांची माहिती घेतली, तेव्हा १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरणारे निघाले. आपल्या नियमांनुसार प्रसाधनात पारा घालता येत नाही. नकळत आलेला पारादेखील डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडता दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. पाऱ्याची तपासणी शाळेत होऊ शकत नाही. पण ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक आणि घटकांची यादी नाही ती घेऊ नये, एवढे प्रत्येक विद्यार्थिनीला सांगता येते. अशा डब्यांवर ‘शुद्ध वनौषधी’ असे हमखास छापलेले असते. पाराही निसर्गातलाच आहे.

आमचा निष्कर्ष असा: पेटीतील द्रावण चांगले, पण सामू साडेपाचच्या आसपास असलेले स्वस्त द्रावणही तेच काम करील. गुलाबपाणी हौसेचे. सीरम परिणामकारक, पण उन्हातान्हात वावरणाऱ्यांनी दूर ठेवावे. क्रीम उत्तम बनवलेली, पण तिच्या गुणाचा बराच भाग कोकमाच्या गोळ्यात मिळतो. चार वस्तूंपैकी एकीचाही गुण-दोष ‘नैसर्गिक’ या शब्दावरून आधी सांगता आला नसता. त्यासाठी घटक कोणता, किती प्रमाणात, कोणत्या सामूला, आणि तपासला कुणी, हे विचारावे लागले.

नववीच्या वर्गाला मी घरातील रिकाम्या डब्या आणि पुड्या आणायला सांगितल्या. चाळीस-एक जमल्या. मुलांनी त्यांच्यावरील मोठ्या अक्षरांतील दावा एका रकान्यात आणि बारीक अक्षरांतील यादी दुसऱ्या रकान्यात उतरवून काढली. गोरे होण्याविषयी विचारणाऱ्या त्या मुलीने आणलेल्या डबीवर दुसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काहीच नव्हते. ना यादी, ना पत्ता. तिने ती डबी माझ्याकडे दिली आणि आईच्या टाचांसाठी कोकमतेल कुठे मिळेल ते विचारले. आपल्या शाळेत हा तक्ता अवश्य करून पाहावा. त्याला भिंगापलीकडे कोणतेही साहित्य लागत नाही.